निरोपाची शाल आणि कपाटातला पखवाज

आमच्या हायस्कूलच्या संगीत सरांना एप्रिलमध्ये निरोप दिला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं एक घड्याळ आणि दहा-बारा भाषणं. जवळजवळ प्रत्येक भाषणात 'वाहून घेतलं' हे शब्द आले. अध्यक्षांनी तर सरांना 'व्रतस्थ' म्हटलं. मी पालक-शिक्षक संघात असल्यामुळे पहिल्या रांगेत होतो, तिथे जांभई देता येत नाही, म्हणून ऐकत बसलो. ऐकता ऐकता डोकं फिरलं.

कागदोपत्री सर संगीताचे शिक्षक कधी नव्हतेच. ते मराठीचे शिक्षक. संगीत त्यांनी उरलेल्या तासिकांत शिकवलं, मधल्या सुट्टीत शिकवलं, पावसाळ्यात एसटी चुकलेली मुलं शाळेत अडकायची तेव्हा शिकवलं. त्यासाठी त्यांना एक पैसा वेगळा मिळाला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही. आता ते निवृत्त झाले, तेव्हा रिकामी झाली ती मराठीची जागा. संगीताची जागा रिकामी व्हायला ती आधी असावी लागते. व्रत म्हटलं की पगार विचारायचा नसतो, ही त्या शब्दातली सोय त्या दिवशी माझ्या ध्यानात आली.

कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. शाळेचं आणि सरांचं नाव इथे लिहीत नाही, सरांनीच नको म्हणून सांगितलं. पण ते वर्गात काय करायचे ते मात्र लिहायलाच हवं. 'विद्यार्थिकेंद्री शिक्षण' हा शब्द प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमधून इतका फिरून आलाय की त्याचा पार चोथा झालाय. मला तो कळला तो सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसून.

आठवीचा पहिला तास. सगळीकडे तो सा रे ग म ने सुरू होतो. सर वही घेऊन बसायचे आणि एकेकाला विचारायचे, तुला काय येतं? बहुतेक पोरं मान खाली घालायची. एका मुलाचं अजून आठवतं.

"तुका काय येता?"

"काय येणा नाय."

"काल राती खंय होतस?"

"भजनाक."

"थंय काय करी होतस?"

"पखवाजार होतंय."

हाच तो 'काय येणा नाय'वाला. बापाच्या भजन मंडळात रात्री अकरापर्यंत पखवाज वाजवणारा, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, मुंबईच्या चाकरमान्यांकडून टाळ्या घेणारा पोरगा. शाळेत विचारलं की काही येत नाही, कारण शाळेत जे विचारतात ते वेगळंच असतं हे त्याला पहिलीपासून पक्कं कळलेलं. सरांच्या वहीत त्या वर्गाची अशी यादी होती: चौघे भजनाला बसणारे, दोघांच्या घरी दशावतारी, एकीला आजीच्या फुगडीची पन्नासेक गाणी पाठ, दोन ख्रिस्ती मुली चर्चमध्ये गाणाऱ्या, एकजण शिमग्याला ढोल बडवणारा, आणि असेच आणखी काही. काहीच नसलेले फक्त सात. हे सात शोधण्यासाठीच आपण ती वही ठेवतो, असं सर म्हणायचे.

पखवाजवाल्याला त्यांनी पुढे बसवलं. भजनी ठेका तो झोपेतही वाजवील, पण तो आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, आहे हे त्याला माहीत नव्हतं. कधी मोजलाच नव्हता. सरांनी वर्गाला टाळी-खाली देत हातावर ताल मोजायला लावला आणि आठ-आठची दोन आवर्तनं मिळून सोळा होतात इथून सोळा मात्रांच्या त्रितालाकडे नेलं. पुढे आली तिहाई. एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा त्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडायला हवं. समेपासून सुरुवात केली तर मात्रा सोळा नाही, सतरा भरतात, कारण सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. मग पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रेचा दम, म्हणजे थांबा: पाच, एक, पाच, एक, पाच. दुसरं कुठलं मोजमाप बसतं ते तुम्ही शोधा, म्हणून सर बाहेर चहाला गेले. परत आले तेव्हा फळ्यावर उत्तर होतं, तीनचा तुकडा आणि चारचा दम. ते ज्या मुलीनं लिहिलं होतं तिला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. गणित येत होतं.

पाचच्या तुकड्याला बोल हवेत म्हटल्यावर पोरांनी मासळीबाजारातली आरोळी घातली: बांग-डो, पेड-वे, घे! शेवटचा 'घे' समेवर. अख्खा वर्ग ती तिहाई हातावर टाळी देत म्हणायचा, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या. त्यांची तक्रार रास्त होती, आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नाही, पार्टिशन आहे.

विद्यार्थिकेंद्री म्हणजे हे. मुलाच्या मनाला येईल ते करू देणं असा त्याचा अर्थ लावून दोन्ही बाजूंनी भांडणं चालतात, एकाला ते लाड वाटतात आणि दुसऱ्याला मुक्ती. सरांच्या वर्गात लाड नव्हते. पखवाजवाला पोरगा लय पळवायचा. त्याला त्यांनी महिनाभर मेट्रोनोमच्या ॲपसमोर बसवलं, आणि तो रडकुंडीला आला तरी सोडलं नाही. मूल जिथे उभं आहे तिथून चालायला सुरुवात करायची, इतकंच त्यात आहे. पण त्यासाठी शिक्षकाला मूल कुठे उभं आहे हे आधी शोधावं लागतं. ते काम ठरलेला धडा शिकवण्यापेक्षा कितीतरी जड. सा रे ग म शिकवायला एक पद्धत पुरते. पंचवीस मुलांच्या पंचवीस सुरुवाती धरून त्यांना एका समेवर आणायचं तर भजन, दशावतार, फुगडी, चर्चमधलं गाणं, सगळ्याची थोडी-थोडी जाण लागते.

पट्टीचीच गोष्ट घ्या. सकाळची प्रार्थना आमच्याकडे वर्षानुवर्षं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. पाचवीच्या पोरांना आणि मुलींना ती बरी पडते. आठवीत मुलांचा आवाज फुटतो, साधारण एक सप्तक खाली येतो, आणि मधले काही महिने तो कुठे लागेल याचा नेम नसतो. म्हणजे त्याच काळात त्या मुलाला रोज सकाळी सगळ्यांसमोर न झेपणाऱ्या पट्टीत गायला लावायचं. तो पहिल्यांदा ओठ हलवतो, मग ओठ हलवणंही सोडतो. 'मला गाता येत नाही' असं सांगणारे पन्नाशीतले किती पुरुष त्या प्रार्थनेच्या रांगेत मुके झाले असतील, देव जाणे. मी त्यातला एक. सरांनी काय केलं, तर प्रार्थना दोन पट्ट्यांत बसवली. फुटलेल्या आवाजाची मुलं काळी एकमध्ये सुरुवातीच्या दोन ओळी म्हणत, मग नुसता सा धरून ठेवत, आणि त्यावर बाकीचे वरच्या पट्टीतून येत. काळी एकचा पंचम (प) म्हणजे काळी चारचा षड्ज (सा), त्यामुळे ते जुळायचंही. याला खर्च शून्य. पण मुलाचा आवाज फुटतोय हे कोणीतरी ऐकायला हवं.

आता शिल्डकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत आमची शाळा पूर्वी नंबर काढायची. पद्धत अशी की जूनमध्ये दहा बरे गळे निवडायचे, दोन महिने तेच एक गाणं घासायचं, बाकीच्या मुलांनी त्या वेळात 'शांत बसा'. सरांनी निवड बंद केली. ज्याला यायचं तो येईल, म्हणाले. त्या वर्षीपासून शिल्ड गेलं ते गेलंच. कार्यालयातल्या कपाटात जुनी शिल्डं अजून आहेत, नवं नाही, आणि यावरून सरांना स्टाफरूममध्ये काय-काय ऐकावं लागलं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या निरोपाच्या भाषणात मात्र याचा उल्लेख कोणी केला नाही. 'वाहून घेतलं' म्हणणं सोपं आहे. सरांचं म्हणणं मान्य करायचं तर तासिका कोणासाठी आहे या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: दहा गळ्यांसाठी, की पंचवीस मुलांसाठी?

हे सगळं नवीन धोरणातून, बाहेरच्या देशातून आलंय असं समजणाऱ्यांसाठी एक आठवण. कोकण किनाऱ्याच्या पार उत्तरेला, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळा वाडीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी तिथे कुरणशाळा झाली: गुरं जिथे चरतात तिथे शाळा. मुलाला उचलून शाळेत आणण्याऐवजी शाळा उठून मुलाकडे जाते, हा विचार आपल्याच किनाऱ्यावर ऐंशी वर्षांपूर्वी अमलात आला होता. तो बालवाडीत राहिला. हायस्कूलच्या दारात आला की त्याला दहावीचा बोर्ड दिसतो आणि तो मागे फिरतो.

एक आक्षेप नेहमीचा आणि वजनदार आहे. पोराचा बाप विचारतो, "गाणा शिकान पोट भरतला काय?" दशावताराच्या, रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांच्या, गावात हा प्रश्न कोणी अडाणीपणातून विचारत नाही. 'राती राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण ज्यांच्या घरातली आहे त्यांना कलेवर पोट कसं भरतं, आणि कसं भरत नाही, ते आपल्यापेक्षा जास्त माहीत. मी त्या बापाला 'संगीतानं गणित सुधारतं' असलं काही सांगणार नाही. तिहाईचं गणित वर सांगितलं ते मला आवडलं म्हणून सांगितलं, त्यानं दहावीचा टक्का वाढला असा माझा दावा नाही. भूगोल शिकून तरी कोणाचं पोट भरतं? तरी आपण तो काढत नाही. इतिहासाच्या तासाला 'याचा उपयोग काय' हे कोणी विचारत नाही, संगीताला मात्र दर वर्षी आपली जात सांगावी लागते.

दुसरा आक्षेप गावातच राहणाऱ्या, गाणं जाणणाऱ्या लोकांचा. ते म्हणतात, शाळेत कशाला शिकवता, आमचे भजनी मंडळांचे बुवा आहेत की. बुवांबद्दल मला आदर आहे. नमनापासून रूपावली, अभंग, गवळण, गजरापर्यंत तीन-तीन तास मंडळ बांधून ठेवणं ही चेष्टा नाही, आणि समोरच्या बुवाला जागच्या जागी रचून उत्तर देणं तर मुळीच नाही. शाळेनं त्यांना बोलवावं, मानधन देऊन बोलवावं. पण बुवाकडे जातो तो मुळात ज्याला येतं तो, आणि बहुतेक गावांत आजही मुलगाच. ज्याला येत नाही त्याला बुवा टाळ देऊन कोपऱ्यात बसवतील, त्यांचं काही चुकत नाही, त्यांना उद्याची बारी जिंकायची असते. शाळेला बारी जिंकायची नसते. त्या सात जणांची जबाबदारी गावात आणखी कोणाचीच नाही.

तिसरा आक्षेप सुरांच्या शुद्धतेचा. पोरांना मोकळं सोडलं तर ती बेंजो पार्टी आणि पॅडवरच जातील, म्हणतात. जातात, खरं आहे. आमच्या सरांनी एका मुलाला त्याचा कीबोर्ड वर्गात आणू दिला तेव्हा एका जुन्या रसिकानं नाक मुरडलं. पण ज्या पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही ती पेटी तरी कुठे आपल्या मातीतली? युरोपातून आली, हाताच्या भात्यासाठी इथे बदलली, आणि आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. तेव्हाही नाकं मुरडणारे मोठमोठे होते. दशावताराची पायपेटी त्या सगळ्या काळात गावोगाव वाजत होतीच. कीबोर्डवाल्या मुलाला सरांनी विचारलं, तुझ्या गाण्यातले पाच सूर कोणते ते काढून दाखव. सा रे ग प ध निघाले. हा भूप, म्हणाले. आता हाच भूप तुझ्या आजीच्या भूपाळीत आहे का ते घरी ऐकून ये. पोरगा दुसऱ्या दिवशी 'नाही, वेगळा सूर लागतो' म्हणून आला, आणि कुठला लागतो यावर दोन तासिका गेल्या.

याच्या उलट परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा चढत जाणाऱ्या, मी वाईट म्हणत नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला हे विद्यालय काढलं नसतं तर घराण्याबाहेरच्या माणसाला शास्त्रीय गाणं शिकायला मिळायला आणखी किती वर्षं लागली असती. पण दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक सरांकडे येऊन एकच विचारत: किती परीक्षा दिल्या की किती गुण? भूपातली बंदिश आलापांसकट पाठ, आणि तेच पाच सूर दुसऱ्या चालीत कानावर आले तर पत्ता नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. लोककलेलाही हे वाढीव गुण आहेत, ही त्यातली चांगली गोष्ट. पण तेही शेवटी प्रमाणपत्रांच्या मोजदादीवर येऊन थांबतं.

सरकारी बाजू थोडक्यात, कारण ती कंटाळवाणी आहे आणि तशीच ठेवलेली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, द्यायला सांगतो, पण पट शंभरच्या वर असेल तर. शंभर हा आकडा ठाण्यात बसून ठीक वाटतो. आमच्याकडे वाड्या डोंगराच्या चार बाजूंना, घरटी एक-दोन मुलं, तरुण जोडपी मुंबईत. शंभरच्या खालच्या पटात आम्ही कायमचे. पट असला तरी कलाशिक्षण म्हणजे एक माणूस, आणि तो बहुधा चित्रकलेचा. चित्रकलेशी माझं भांडण नाही, एका माणसात दोन कला कोंबण्याशी आहे. नववी-दहावी तर त्या कायद्याच्या बाहेरच. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात विषय आणि उपक्रम यांच्यात भिंत नको असं छान लिहिलंय. आमच्या पार्टिशनइतकीही ती हललेली नाही.

मला जे हवं ते फार मोठं नाही. जवळच्या तीन-चार हायस्कूलांना मिळून एक संगीत शिक्षक, पूर्ण वेळ, पूर्ण पगारावर, आणि एसटीच्या वेळा बघून आखलेलं त्याचं वेळापत्रक. पटाची अट शाळेला न लावता या गटाला लावा, म्हणजे आकडा भरतो. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट लिहा की पाहुण्यांचं स्वागतगीत बसवणं हे त्याचं काम नाही. हसू नका. आमच्या सरांच्या संगीताच्या तासिकांतल्या किती तासिका आमदार, सभापती आणि विभागीय पाहुण्यांच्या स्वागतात गेल्या याचा हिशेब त्यांनीच ठेवला होता. एका वर्षी तर अकरा. त्याच वर्षी सातवीच्या वर्गाला ताल शिकवायचा राहिला.

सरांचं सगळंच जमलं असंही नाही. माझ्याच मुलीच्या वर्गात एक मुलगी होती, गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. तिला पंचवीस जणांच्या वर्गात जे मिळायचं ते अपुरं होतं, आणि स्वतंत्र वेळ द्यायला सरांकडे वेळ उरत नव्हता. मराठीचे पेपर कोण तपासणार? ती शेवटी कुडाळला क्लासला जाऊ लागली आणि सरांवर रुसली. सरांना ते लागलं होतं. सगळ्यांना धरून चालण्याची किंमत कधी कधी सगळ्यात पुढचं मूल मोजतं, आणि ही गोष्ट विद्यार्थिकेंद्री शिक्षणावर बोलणारे सहसा बोलत नाहीत. पूर्ण वेळ शिक्षक असता तर तिला आठवड्यात एक तास तरी मिळाला असता. एका माणसाच्या चांगुलपणाला किती ताणायचं, त्यालाही तुटायची मर्यादा असते.

निरोपानंतर सरांना विचारलं, तुमच्या वहीचं काय करणार? म्हणाले, शाळेत ठेवलीय, नवीन येईल त्याला उपयोगी पडेल. नवीन कोणी येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. मराठीची जागा भरायचीच कधी ते ठरलेलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पखवाज कार्यालयाच्या कपाटात शिल्डांच्या शेजारी आहे. पावसात चामडं सादळतं, रोज हात फिरला नाही तर उतरतं, हे मी शिपायाला सांगून ठेवलंय, तो हो म्हणाला. संगीताच्या तासिका वेळापत्रकात गणिताला गेल्या. परवा फी भरायला गेलो तेव्हा आठवीच्या वर्गातून बाकावर ठेका ऐकू येत होता. कोणीतरी बोटांनी वाजवत होतं, आणि दुसरा हळूच मोजत होता. बांग-डो, पेड-वे, एवढं झालं आणि गणिताच्या सरांनी टेबलावर डस्टर आपटला. सम अजून एक मात्रा लांब होती.